मोजणी

कांदा-बटाटा मार्केटात, गाळ्याबाहेर,
पाठीवरची गोण उतरवून तो माझ्याकडे बघत राहिला.
म्हणाला, तू कोपरखैरण्याच्या शाळेतला ना?
नाव काय रे तुझं?
मी म्हणालो, ह.
पुढचं नाव नेहमीसारखं मागे राहिलं.
तेवढ्यावरच ओळख पटली त्याला.

अंकुश नलवडे. सातवी ब, खिडकीकडचा शेवटचा बाक.
हजेरी सुरू झाली की माझ्या मागे सरकून बसायचा.
ह-ह-ह-हजर सर.
तीन ह जास्तीचे, तीन टपल्या.
मानेवर, रोज एकाच जागी.
गणितात पस्तीसच्या वर कधी न गेलेल्या मुलाचा
हा हिशेब मात्र चुकायचा नाही.

आईने डोक्याला तेल लावताना मान पाहिली.
कोळंबीची पाटी शाळेच्या दारात ठेवून
तशीच वर आली.
डोंगरदिवे सर तिचं ऐकताना सारखा चष्मा पुसत होते.
ते वाईट नव्हते, हे लिहायलाच हवं.
धडा वाचायची पाळी माझ्यावर येण्याआधी
तास संपावा म्हणून
मधेच गोष्ट सांगत बसायचे.

मला म्हणाले, जा, स्टाफरूममधून काहीतरी घेऊन ये.
काहीतरी.
टेबलावर प्लास्टिकची फूटपट्टी होती
आणि कोपऱ्यात महाराष्ट्राच्या फाटक्या नकाशाची दांडी.
मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दहा, सर म्हणाले.
आणि हेमराज, तू मोज. मोठ्यांदा.
वाटलं असेल त्यांना,
पोराचा आवाज पोराला परत मिळेल.
मिळतही होता.
एक. दोन. तीन. चार.
इतका स्वच्छ मी कधी ऐकलाच नव्हता मला.
पाच. सहा.
स-स-स-
सरांच्या हाताला लय सापडली होती,
प्रत्येक स वर दांडी खाली आली.
सात.
वर्ग आधी हसला, मग हसायचा थांबला.
अंकुशने तळवा मागे घेतला नाही.
आठ. नऊ.
द-दहा.
सरांनी फळ्याकडे तोंड केलं,
आजची तारीख पुसली
आणि पुन्हा तीच लिहिली.

त्यानंतर माझ्या मानेला कुणाचा हात लागला नाही.
दिवाळीनंतर पाचवीतला एक पोरगा,
तुर्भ्याच्या खाणीकडून यायचा,
नळाला तोंड लावून पाणी पीत होता.
त्याची मान लाल होती.
मी बघितलं, बाटली भरली, वर्गात गेलो.
अडखळणाऱ्याचं एक बरं असतं,
गप्प का राहिलास, असं त्याला कुणी विचारत नाही.

मार्केटात अंकुशने उजवा हात पुढे धरला.
ही दोन बोटं पुरती मिटत नाहीत बघ,
पण आकडा धरायला पुरतात.
चौदा मारल्या होत्या सरांनी. चौदा!
पण कशाबद्दल रे? काच फोडली होती का मी?

थट्टा करत नव्हता.
टपल्या त्याच्याकडे उरल्याच नव्हत्या.

मी म्हणालो, दहा.
एका दमात.
तो हसला. चौदा, लेका. हात माझा होता.

चहा त्यानेच पाजला.
खानावळीच्या तीन गोण्या टेम्पोत टाकल्या,
हमाली घेईना.
सर असतात का रे अजून, विचारलं.
मला माहीत नव्हतं.

तुर्भ्याच्या सिग्नलला टेम्पो थांबला
तेव्हा काच वर करून मी हळूच मोजून पाहिलं.
एक ते सहा.
मग सात.
आला, सरळ आला.

ह अडायचा माझा. क अडायचा.
आईला हाक मारताना कधी आ सुद्धा.
स अडल्याचं आठवत नाही,
त्या दिवसाआधी,
किंवा नंतर.